'ईआर' कधी संपायला हवी होती?

रुग्णालयातल्या इमर्जन्सी म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागावरच्या 'ईआर' या अमेरिकी मालिकेचे जुने प्रेक्षक एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो: ती कधी संपायला हवी होती? एनबीसी वाहिनीवर १९ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालेली ही मालिका २ एप्रिल २००९ रोजी संपली आणि त्या अवधीत तिची पंधरा पर्वे व ३३१ भाग झाले. मात्र बहुतेकांच्या मनात तिचा शेवट त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. कोणी म्हणते, १९९९ च्या फेब्रुवारीत जॉर्ज क्लूनीने साकारलेला बालरोगतज्ज्ञ डग रॉस निघून गेला, तिथेच ती संपली. कोणाच्या मते २००० साली परिचारिका कॅरल हॅथवे त्याच्यामागे गेली, तेव्हा. सर्वांत मोठा गट २००२ च्या मे महिन्यावर बोट ठेवतो, कारण त्या महिन्यात डॉ. मार्क ग्रीन मेंदूतल्या गाठीने मरण पावला, आणि त्यानंतर जे दिसले ती दुसरीच मालिका होती, असे या मंडळींना मनापासून वाटते.

मी १९९५ साली लग्नानंतर शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या नेपरव्हिल या उपनगरात राहायला आले. मालिकेतले 'काउंटी जनरल' हे रुग्णालय काल्पनिक असले तरी ते शिकागोचे होते, आणि खरे 'कुक काउंटी' रुग्णालय, ज्याची १९१४ ची भव्य इमारत २००२ मध्ये बंद होऊन नवे रुग्णालय शेजारी उभे राहिले, ते आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होते. चित्रीकरण मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत होई. कलाकार वर्षातून काही वेळा शिकागोला येत आणि पूल, नदी, उंचावरून धावणारी 'एल' गाडी यांच्या पार्श्वभूमीवर बाहेरची दृश्ये चित्रित करून जात. त्यामुळे आमच्या भागातल्या लोकांचा या मालिकेवर एक प्रकारचा हक्क होता, आणि गुरुवारी रात्री नऊ वाजता ती लागली की दुसऱ्या दिवशी कचेरीत, वाचनालयात, मुलांच्या शाळेबाहेर तिच्याविषयी मत असणे जवळजवळ अपेक्षितच असे. मला जे मांडायचे आहे ते त्या मतांविषयी आहे. इतक्या वर्षांत मी ही मते गंभीरपणे ऐकत आले आहे, आणि माझी खात्री झाली आहे की प्रेक्षक ज्या गोष्टीला मालिकेची घसरण म्हणत होते तिचा बराच मोठा भाग हा खरे तर मालिकेने फार चांगले केलेले काम होते. बराच मोठा, असेच म्हणते, सगळा नाही.

मुळात ही मालिका प्रेक्षकांवर असाधारण विश्वास टाकून सुरू झाली. मायकल क्रायटन हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतलेला लेखक. विद्यार्थी म्हणून इमर्जन्सीत जे पाहिले त्यावरून त्याने १९७४ मध्ये पटकथा लिहिली, आणि ती वीस वर्षे पडून राहिली. १९९४ मध्ये पहिला भाग झाला तेव्हा त्या पटकथेत फारसे काही बदलले नव्हते. सुझन लुईस हे पात्र स्त्री झाले, पीटर बेंटन कृष्णवर्णीय झाला, आणि लांबी थोडी कमी झाली. रुग्ण येतात आणि जातात, कित्येकांचे पुढे काय झाले ते कळत नाही, डॉक्टर आपापसांत ज्या भाषेत बोलतात ती कोणी समजावून सांगत नाही, आणि कॅमेरा त्या सगळ्यांच्या मधून न थांबता चालत राहतो. सामान्य प्रेक्षकाला हे झेपणार नाही, अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात लोकांना शब्द कळले नाहीत तरी प्रसंगाची निकड कळली. आजारी माणसाला घेऊन रुग्णालयात धावलेल्या कोणालाही ही अवस्था ओळखीची असते: आपल्या माणसाच्या भोवती लोक भराभर काही बोलत असतात, आपल्याला त्यातले एक अक्षर कळत नाही, आणि आपण फक्त त्यांचे चेहरे वाचत राहतो. मालिकेने प्रेक्षकाला त्या नातेवाइकाच्या जागी उभे केले, आणि पंधरा वर्षे तिथेच ठेवले.

प्रेक्षकांच्या मताने पहिल्या भागातच एक जीव वाचवला, हेही इथे सांगायला हवे. कॅरल हॅथवे ही मुख्य परिचारिका त्या भागात स्वतःच रुग्ण म्हणून, मरणाच्या दारात, आपल्याच विभागात आणली जाते, आणि मूळ कथेनुसार ती वाचणार नव्हती. चाचणीसाठी भाग पाहिलेल्या प्रेक्षकांना ती इतकी आवडली की तिला जगवण्यात आले, आणि पुढची सहा पर्वे ती मालिकेचा कणा झाली. आज तिच्याशिवाय सुरुवातीच्या वर्षांची कल्पनाच करता येत नाही.

या मालिकेविषयी बोलताना पहिल्या पर्वाचा एकोणिसावा भाग टाळून पुढे जाता येत नाही. तो ९ मार्च १९९५ रोजी प्रक्षेपित झाला. मी तो नंतर पुनःप्रक्षेपणात पाहिला, आणि त्या वेळी माझा मावसभाऊ आमच्याकडे आला होता. मिरजेला शिकलेला, बरीच वर्षे महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात काम केलेला. दिवस भरलेली एक बाई लघवीच्या तक्रारीसाठी येते, डॉ. ग्रीन तिला संसर्गाचे औषध देऊन घरी पाठवतो. माझा भाऊ तेवढ्यात पुढे सरकून बसला, आणि तिचे ब्लड प्रेशर आणि लघवीतले प्रोटीन यांविषयी पुटपुटू लागला. थोड्याच वेळात तिला झटके येतात आणि ती परत आणली जाते. मग प्रसूतीतज्ज्ञ वेळेवर पोहोचत नाहीत, बाळाचा खांदा अडकतो, इमर्जन्सीतच पोट उघडावे लागते, बाळ वाचते, आणि आईचा रक्तस्राव थांबत नाही. जवळजवळ पूर्ण भाग याच एका बाईवर आहे. शेवटी ग्रीन तिच्या नवऱ्याला जाऊन सांगतो, आणि नंतर 'एल' गाडीत बसून रडतो. हा भाग लिहिणारा लान्स जेंटिल स्वतः इमर्जन्सीतला डॉक्टर होता. लेखनासाठी त्याला आणि दिग्दर्शनासाठी मिमी लेडर यांना एमी हे टीव्हीचे मानाचे पुरस्कार मिळाले.

भाग संपल्यावर भावाने जे सांगितले ते मला त्या मालिकेवरचे सर्वांत महत्त्वाचे मत वाटते. भारतात गरोदरपणातल्या रक्तदाबाने आणि झटक्यांनी आजही बाया दगावतात, आणि प्रत्येक तरुण डॉक्टरच्या आठवणीत अशी एक तरी बाई असते, असे तो म्हणाला. त्याने टीव्हीवर आणि सिनेमात अनेक डॉक्टर पाहिले होते. बहुतेक देव होते, काही राक्षस होते. ज्याने चूक केली, आणि तरीही जो दुसऱ्या दिवशी कामावर येणार आहे, असा डॉक्टर त्याने पडद्यावर पहिल्यांदा पाहिला. ग्रीनच्या त्या चुकीवर पुढे खटला होतो, तिची छाया त्याच्यावर दीर्घकाळ राहते. अनेक प्रेक्षकांना तो भाग असह्य झाला. तो पुन्हा पाहणार नाही असे सांगणाऱ्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत. ते मतही मी खरे मानते. गर्भारपणात तो भाग चुकून पाहिलेल्या माझ्या एका मैत्रिणीला त्यानंतर कित्येक रात्री झोप लागली नव्हती, आणि तिला कलामूल्याच्या गोष्टी सांगण्याची माझी कधीच हिंमत झाली नाही.

वैद्यकीय क्षेत्रातल्या प्रेक्षकांची मते वेगळ्या दिशेने जात. १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला, त्यात 'ईआर'सह तीन कार्यक्रमांच्या ९७ भागांतली हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नांची, म्हणजे सीपीआरची, ६० दृश्ये तपासली होती. त्या दृश्यांत ७५ टक्के रुग्ण तत्काळ वाचले होते आणि ६७ टक्के घरी जाणार असे दाखवले होते. प्रत्यक्षात हे प्रमाण कितीतरी कमी असते. याचा परिणाम रुग्णालयात बसलेल्या नातेवाइकांच्या अपेक्षांवर होतो. माझ्या भावालाही हे ठाऊक होते, कारण हृदयाची रेषा सपाट झालेली असताना शॉक का देत नाही म्हणून त्याच्यावर ओरडणारे लोक त्याने आपल्याकडे पाहिले होते, आणि सपाट रेषेवर शॉकचा उपयोग नसतो हे त्या क्षणी कोणाला समजावणार?

उलट दिशेचाही पुरावा आहे. कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यविषयक संस्थेने १९९७ ते २००० या काळात 'ईआर'च्या नियमित प्रेक्षकांना वेळोवेळी प्रश्न विचारले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या एचपीव्ही विषाणूचे नाव एका भागाआधी २४ टक्के प्रेक्षकांनी ऐकले होते. भागानंतर ते प्रमाण ४७ टक्के झाले. काही आठवड्यांनी त्यातले काही ओसरले, पण सगळे ओसरले नाही. त्या भागात हा विषय फार थोडा वेळ होता. जीनी बूलेची कथा तर मला आजही धाडसी वाटते. १९९६ च्या सुमारास फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारी सहायक, असलेल्या या स्त्रीला एचआयव्ही असल्याचे दाखवले. प्रभावी औषधे नुकती येत होती, आणि पडद्यावर एचआयव्ही असलेले माणूस म्हणजे मरणारे माणूस असा रिवाज होता. मालिकेने तिला मारले नाही. तिला काम करू दिले, तिच्या नोकरीसाठी भांडू दिले, तिचे लग्न होऊ दिले, आणि २००८ मध्ये ती एका भागात परत आली तेव्हा जिवंत आणि कामात होती. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचा भाऊ त्याच वर्षांत या आजाराने गेला होता. जीनी जगली याबद्दल त्यांना वाटणारी कृतज्ञता मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे.

सर्वांत सातत्याने नाराज असलेला प्रेक्षकवर्ग परिचारिकांचा होता. आमच्या गल्लीत राहणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या एक आयरिश-अमेरिकी बाई तीस वर्षे इमर्जन्सीत परिचारिका होत्या. त्यांची तक्रार साधी होती: मालिकेतले डॉक्टर स्वतः सलाईन लावतात, रुग्णाजवळ तासन्‌तास बसतात, नातेवाइकांना धीर देतात; ही सगळी कामे खऱ्या रुग्णालयात परिचारिका करतात आणि पडद्यावर त्या मागे ट्रॉली ढकलत असतात. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या परिचर्या विद्यार्थिनींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एका संघटनेने नेमकी हीच टीका 'ईआर'वर वर्षानुवर्षे केली. अ‍ॅबी लॉकहार्ट ही परिचारिका पुढे डॉक्टर होते, त्याचा बहुतेक प्रेक्षकांना आनंद झाला. आमच्या शेजारीणबाईंना मात्र ते लागले, कारण चांगली परिचारिका दाखवायची तर तिला डॉक्टर करावेच लागते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ मला अजून खोडता आलेला नाही. मला फक्त एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवता आली: हॅले, चुनी, मलिक या परिचारक-परिचारिका पहिल्या वर्षापासून जवळजवळ शेवटपर्यंत तिथे होत्या, डॉक्टर मात्र सतत बदलत राहिले. यावर त्या म्हणाल्या की खऱ्या रुग्णालयातही असेच असते, आणि तरी श्रेयनामावलीत हॅलेचे नाव कुठे येई ते बघ.

आता मरणाकडे येते, कारण प्रेक्षकांची मते सर्वाधिक तीव्र झाली ती मरणांवरून. २००० च्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाईन डेच्या पार्टीचे संगीत मोठ्याने चालू असताना, एका आजारी, भ्रमात असलेल्या रुग्णाने वैद्यकीय विद्यार्थिनी लुसी नाइट आणि डॉ. जॉन कार्टर यांना भोसकले. लुसी वाचली नाही. त्या दिवसांत अनेकांची तक्रार होती की हा धक्का देण्यासाठी केलेला प्रकार आहे. माझे मत वेगळे होते आणि आहे. लुसीविषयी प्रेक्षकांना आधी फारसे प्रेम नव्हते. ती कार्टरला त्रास देणारी, अननुभवी मुलगी म्हणून अनेकांना खटके. ती मेल्यावर सगळ्यांना कळले की तिने त्या रुग्णाविषयी वेळेवर काळजी दाखवली होती, मानसोपचार विभागाला बोलावण्याचा आग्रह धरला होता, आणि कार्टरने ते पुरेसे मनावर घेतले नव्हते. प्रेक्षकाने जिचे ऐकले नाही तिचे डॉक्टरनेही ऐकले नव्हते. हे मला फार अस्वस्थ करणारे आणि फार प्रामाणिक वाटते. त्या कथेविषयी माझा आक्षेप दुसरा आहे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कोणावर हात उगारत नाहीत, आणि कोट्यवधी घरांत पाहिल्या जाणाऱ्या कथेने त्या आजाराचा चेहरा चाकूशी जोडला, याची भरपाई नंतरच्या कोणत्याही भागाला नीट करता आली नाही. अशा आजाराचे माणूस घरात असलेल्या कुटुंबाला तो भाग कसा वाटला असेल?

ग्रीनचा मृत्यू याच्या अगदी उलट, सावकाश आणि सर्वांच्या देखत झाला. आठ वर्षे ज्या माणसाच्या डोळ्यांनी आपण विभाग पाहिला तो हवाईला मुलीसोबत शेवटचे दिवस काढतो, आणि शिकागोतल्या सहकाऱ्यांना त्याचे पत्र येते. मालिका इथे संपायला हवी होती असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला समजतो. पण इमर्जन्सी विभाग कोणाच्या मृत्यूने संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाळी बदलते, नवीन रेसिडेंट, म्हणजे प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, येतात, त्यांना ग्रीन कोण होता ते ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसल्याचा जुन्या माणसांना राग येतो. २००२ नंतर प्रेक्षकांनी नव्या पात्रांवर जो राग काढला तो हाच राग होता. ग्रेगरी प्रॅट उर्मट आहे, आर्ची मॉरिस आळशी आहे, जुन्यांची सर कोणाला नाही, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. कोणत्याही संस्थेत दीर्घ काळ काम केलेल्या माणसाने हे वाक्य म्हटलेले असते. मालिका आठ वर्षांत संपली असती तर आपल्याला एका चांगल्या डॉक्टरची गोष्ट मिळाली असती. ती पंधरा वर्षे चालली म्हणून विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, कधी अडखळत, कधी नको त्या हातात पडत, ते दिसले.

याचा धागा पहिल्याच भागात आहे. हॅथवेला मरणासन्न अवस्थेत आणले जाते तेव्हा विभागप्रमुख मॉर्गेन्स्टर्न ग्रीनला बाजूला घेऊन सांगतात की सगळे तुझ्याकडे पाहत आहेत, इथला सूर तू ठरवायचा आहेस. २००२ मध्ये निरोप घेताना ग्रीन हीच जबाबदारी कार्टरच्या हवाली करतो. २००५ मध्ये अकरा वर्षांनंतर कार्टर काउंटी सोडतो, तेव्हा तो हेच शब्द मॉरिसला सांगतो, आणि मॉरिस झोपलेला असतो. त्या रात्री अनेक प्रेक्षक चिडले होते. ग्रीनचे शब्द असे वाया घालवणे म्हणजे त्याच्या स्मृतीचा अपमान, असे आमच्या वाचनालयातल्या एका सहकाऱ्याचे ठाम मत होते, आणि त्याने तिथून पुढे मालिका पाहणे बंद केले. त्याने पाहायला हवे होते. पुढच्या चार वर्षांत हाच मॉरिस, कोणी काही न सांगता, हळूहळू असा डॉक्टर होतो की शेवटच्या पर्वात विभाग त्याच्यावर विसंबून असतो. शब्द ऐकले नाहीत तरी सूर लागला, कारण तो भोवतालच्या कामात होता. अशी गोष्ट चार तासांत सांगता येत नाही. तिला चार वर्षे लागतात, आणि त्यातली दोन वर्षे प्रेक्षकाला ते पात्र आवडणार नाही ही जोखीम घ्यावी लागते. दीर्घ मालिकेच्या बाजूने याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

प्रेक्षक बरोबर होते अशी जागाही ठळक आहे. डॉ. रॉबर्ट रोमानो हा कुशल, तुसडा, सर्वांना छळणारा सर्जन. २००२ च्या सप्टेंबरात हेलिकॉप्टरच्या पंख्याने त्याचा हात तुटला. शस्त्रक्रिया हेच ज्याचे आयुष्य आहे त्याचा हात जाणे ही फार मोठी शोकांतिका होती, आणि त्याची भूमिका करणाऱ्या पॉल मॅक्रेनने त्यानंतरचा राग, लाज, एकटेपणा विलक्षण ताकदीने उभा केला. मग २००३ च्या नोव्हेंबरात छतावरून कोसळलेले हेलिकॉप्टर नेमके त्याच्या अंगावर पडले आणि तो मेला. ज्यांना तो आवडत नसे त्यांनाही हे पटले नाही. त्या क्षणापर्यंत या मालिकेत अपघात हे कोणाला धडा शिकवायला येत नसत. दारूड्या गाडीवाल्यापायी निष्पाप मूल मरे आणि दारूडा वाचे, कारण इमर्जन्सीत तसेच घडते. रोमानोच्या वेळी लेखकांनी अपघाताला शिक्षा बनवले, आणि वर तिला विनोदाची झाक दिली. वैद्यकीय तपशिलांतल्या चुका प्रेक्षकांनी उदारपणे माफ केल्या, ही एक गोष्ट मात्र केली नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

आमच्या मराठी मित्रमंडळींत मालिकेचे खरे दुसरे आयुष्य २००३ मध्ये सुरू झाले, जेव्हा अभिनेत्री परमिंदर नागरा नीला रसगोत्रा म्हणून आली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून इतके डॉक्टर अमेरिकेत आले की मोठ्या शहरातल्या कुठल्याही रुग्णालयात भारतीय आडनाव दिसतेच. आमच्या परिचयातली निम्मी घरे डॉक्टरांची. आणि तरी अमेरिकेच्या सर्वांत लोकप्रिय रुग्णालयात नऊ वर्षे एकही भारतीय डॉक्टर प्रमुख पात्र नव्हता. नीला ब्रिटनमध्ये वाढलेली पंजाबी, म्हणजे आमच्याहून बरीच वेगळी. तरीही तिची हुशारी, तिचा अवघडलेपणा आणि आई-वडिलांना निराश करण्याची तिची भीती आमच्या मुलींनी तत्काळ ओळखली. अकराव्या पर्वाच्या सुरुवातीला ती मिशिगनमधली रेसिडेन्सी सोडून परत येते आणि एका छोट्या दुकानात काउंटरवर काम करू लागते. यावरून आमच्यात मोठा वाद झाला. काहींना ते अपमानास्पद वाटले: भारतीय माणूस अखेर दुकानाच्या गल्ल्यावरच दाखवायचा का? एका काकूंनी मात्र वेगळेच सांगितले. त्यांचे यजमान नागपूरहून शिकून आलेले. इथल्या परीक्षा पास होऊन जागा मिळेपर्यंत त्यांनी पेट्रोल पंपावर काम केले होते, आणि गावाकडच्या पत्रांत ते कधीच लिहिले नव्हते. नीलाने फोनवर घरच्यांपासून दुकानाची गोष्ट लपवली तेव्हा काका खोलीतून उठून गेले, असे काकू म्हणाल्या. त्या दिवसानंतर आमच्यातला वाद संपला नाही, पण त्याची भाषा बदलली.

शेवटचा भाग मालिकेचा निर्माता जॉन वेल्सने लिहिला आणि पहिला भाग दिग्दर्शित करणाऱ्या रॉड होल्कोम्बनेच दिग्दर्शित केला. त्यातही एक स्त्री बाळंतपणात दगावते. चौदा वर्षांपूर्वी पाहिलेली ती दुसरी बाई ज्यांना आठवत होती त्यांना कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. ग्रीनची मुलगी रेचेल वैद्यकीय शिक्षणासाठी मुलाखतीला आलेली असते, मोठ्या अपघाताचे जखमी येऊ लागतात, आणि कार्टर तिला तिच्या वडिलांच्या नावाने, डॉ. ग्रीन म्हणून, हाक मारतो. हे फार जुळवून आणलेले आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. मला तसे वाटले नाही. डॉक्टरांच्या मुली डॉक्टर होताना मी माझ्या परिचयात भरपूर पाहिल्या आहेत, आणि मरण पावलेल्या बापाच्या विभागात पाऊल ठेवणाऱ्या मुलीला त्या नावाने हाक मारणारा कोणीतरी जुना माणूस तिथे असतोच.

२०२५ च्या जानेवारीत, कार्टर साकारणाऱ्या नोआ वायलीची 'द पिट' ही नवी मालिका आली: पिट्सबर्गची इमर्जन्सी, पंधरा भाग, आणि प्रत्येक भाग एकाच पाळीतला एक तास. सप्टेंबरमध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी तिला मिळाला, वायलीला मिळाला, आणि मुख्य परिचारिकेची भूमिका करणाऱ्या कॅथरिन लानासालाही मिळाला. आमच्या शेजारीणबाईंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी ती सगळी पाहिली. विभाग कोण चालवते ते अखेर कोणाला तरी दिसले, असे त्या म्हणाल्या, आणि परिचारिकेवर रुग्णाने हात उगारला तो प्रसंग त्यांनी दोनदा पाहिला, कारण त्यांच्या बाबतीत तो घडला होता आणि तेव्हा त्याची कोणी नोंदसुद्धा केली नव्हती. त्यानंतर त्यांनी आपली हरकत नोंदवली: पंधरा तासांच्या पाळीत परिचारिका औषधांच्या नोंदी करताना पुरेशा दिसत नाहीत, आणि अर्धी पाळी त्यातच जाते. पुढच्या पर्वात त्या हे बारकाईने पाहणार आहेत.